सहाशेव्या पानावरचा माणूस

डिसेंबर २०२४ मधल्या एका सकाळी कळवा स्टेशनवर आमच्या सोसायटीतला तो मला म्हणाला, "काका, आलं एकदाचं!" चेहरा इतका फुललेला, की मी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

त्याने सॅकमधून एक वीट बाहेर काढली. ब्रँडन सँडरसनचं 'विंड अँड ट्रुथ'. तेराशेच्या वर पानं. मालिकेतलं हे पाचवं पुस्तक. पहिलं २०१० मध्ये आलं तेव्हा हा कॉलेजात होता, चौथं २०२० च्या नोव्हेंबरात. म्हणजे ह्या पाचव्यासाठी चार वर्षं तो ताटकळला.

ताटकळण्याचा सराव आम्हा दोघांनाही आहे. आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही खारेगावात भाड्याने राहायला आलो, तेव्हापासून सोसायटीची एकही मीटिंग आम्ही चुकवलेली नाही. त्यामुळे ह्या पुस्तकाबद्दल तो बोलायला लागला, की मला तो वाचक वाटतच नाही. ताबा मिळालेला सभासद वाटतो. नव्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या लाद्यांवर नाणं आपटून बघतो ना, तसला.

पहिली शंभर पानं तो गप्प होता. पेढ्यांची वेळ होती ती. दोनशेला म्हणाला, "सुरुवात जरा संथ आहे, पण पाया भरतोय." चारशेला पाया भरूनच चाललेला होता. सहाशेला ठाण्याच्या आधी खाडीवर गाडी थांबली आणि याचाही बांध फुटला.

"काका, गोष्ट किती दिवसांची आहे माहितीये? दहा! दहाव्या दिवशी द्वंद्व. आणि मी अजून मधल्याच दिवसात अडकलोय."

"दहा दिवस म्हणजे गणपतीच झाले की."

"दीड दिवसात आटपलं असतं हो!"

त्याचा खरा राग कॅलडिनवर. हा वैद्याचा मुलगा, आधीच्या पुस्तकांत भाला असा फिरवायचा, की वाचताना याचा कोपर माझ्या बरगडीत बसायचा. आता तो लोकांच्या मनाची दुखणी ऐकत हिंडतो. "समुपदेशन! मारामारी करायची सोडून समुपदेशन!" मी म्हटलं, "अरे, वैद्याचाच मुलगा ना? वडिलांच्या धंद्यात आला, चांगलं झालं की." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिल्डरचा माणूस.

लेखकाचा उल्लेख तो कायम एकेरीत करतो. कोविडच्या काळात सँडरसनने कुणाला न सांगता आणखी कादंबऱ्या लिहून ठेवल्या आणि २०२२ मध्ये त्यातल्या चार वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन काढल्या. चार कोटी डॉलरच्या वर जमले. "बघा! आमचं काम अर्धवट ठेवून दुसऱ्या प्लॉटवर चार टॉवर उभे केले याने." त्या चारही पुस्तकांचे पैसे ह्यानेही भरले होते, हे मला त्याच्या आईकडून कळलं.

पण दुसऱ्या कुणी सँडरसनला नाव ठेवलेलं त्याला खपत नाही. डब्यातला एक पोरगा म्हणाला, एवढं जाड पुस्तक वाचतंय कोण? झालं! मुलुंड येईपर्यंत त्या पोराला जॉर्ज मार्टिनचं उदाहरण ऐकावं लागलं. २०११ च्या जुलैत पाचवं पुस्तक देऊन बसलाय, सहाव्याचा पत्ता नाही. "आमचा निदान स्लॅब तरी टाकतो!"

पूर्वी हा कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत घुसणाऱ्यांपैकी होता. वीट आल्यापासून बंद. ती हातात घेऊन दांडा पकडता येत नाही, आणि सॅकमध्ये टाकली तर कोपरे दुमडतात. आता तो फलाटावर सभ्य माणसासारखा उभा राहतो, फास्ट गाड्या न थांबता धडधडत निघून जातात, आणि याला त्यांचं काही वाटत नाही. तांत्रिक कारणांनी एक तास उशीर झाला तरी चालेल, असा चेहरा. त्याच्या आईच्या मते, मध्य रेल्वेने जे साधलं नाही ते एका अमेरिकन माणसाने साधलं.

मी ह्या सगळ्याला हसतो खरा, पण १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची तेव्हा रविवारी सकाळी आमच्या घरात पाहुणा आलेला मला चालत नसे. क्रूरसिंगाच्या त्या भुवया! पुढे पुढे गोष्ट कुठल्या कुठे भरकटली, मी दर रविवारी शिव्या घातल्या आणि दर रविवारी बसलो. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

परवा माझ्या लक्षात आलं, की सहाशेबावन्नावर ठेवलेली खूण आठवडाभर हललेली नाही. पुस्तकाला शाळेसारखं खाकी कव्हर मात्र चढलं होतं.

"काय रे, कंटाळलास?"

"छे. पुरवून वाचतोय." मग जरा खाली मान घालून, "ह्याच्यानंतर मोठी सुट्टी आहे, काका. एकूण दहा पुस्तकं व्हायची आहेत, पण पाचानंतर तो बरीच वर्षं दुसरं लिहिणार आहे. सहावं यायला माझे केस पांढरे होतील."

गाडी आली. आत शिरलो, चौथी सीट मिळाली, त्याने वीट मांडीवर घेतली आणि एकच पान उलटलं. मी सहज विचारलं, "तुझं सहावं आधी येईल, की आपला ताबा आधी मिळेल?"

त्याने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"सहावं. तो निदान तारीख पाळतो."