वाढीव गुणांचे पालक

दहावीच्या परीक्षेत चित्रकला, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि खेळ यांसाठी जे जादा गुण मिळतात, ते आपल्या अपत्याच्या नावावर जमा करण्यात ज्यांची पाच-सहा वर्षे खर्ची पडतात, ते वाढीव गुणांचे पालक होत. हा वर्ग महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर येथे वस्ती दाट, आणि लातूरचे तर विचारूच नये. 2025 च्या दहावीत राज्यातल्या 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के पडले, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागाचे होते. शंभराच्या पुढे जाता येत नाही, ही या पालकांची राज्य मंडळाविरुद्धची एकमेव गंभीर तक्रार आहे.

या वर्गाचे मूळ अकरावीच्या प्रवेशात सापडते. 2010 पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आल्यावर दहावीची टक्केवारी 500 गुणांवर निघू लागली, आणि प्रवेश ऑनलाइन झाल्यावर नामांकित कॉलेजच्या दारात पाव-अर्ध्या टक्क्याने माणसे बाहेर राहू लागली. अशा वेळी इंटरमिजिएट चित्रकलेच्या अ श्रेणीला सात गुण, ब श्रेणीला पाच आणि क श्रेणीला तीन गुण ही बातमी घरात येते. पाचशेपैकी सात म्हणजे 1.4 टक्के. शास्त्रीय कलेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहा गुण, पाच झाल्यास पंधरा. म्हणजे सरळ तीन टक्के. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कलेकडे पाहण्याची नजरच पालटते. शेजारची मुलगी कथक शिकते असे हे पालक म्हणत नाहीत. 'तिचे तीन टक्के झाले' असे म्हणतात.

नियोजन उलट्या दिशेने होते. दहावीचे वर्ष पवित्र, त्याला हात लावायचा नाही. नववीपर्यंत इंटरमिजिएट, त्याआधी एलिमेंटरी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण अशा चढतात, आणि मध्यमा पूर्ण ही मोजून पाचवी येते. त्यामुळे मुलाला स्वर कळतो की नाही हे कळायच्या आत, पाचवीच्या जूनमध्ये, ते हार्मोनियमसमोर बसलेले असते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळावी ही त्यांची तळमळ होती. संगीताला आज मिळालेली प्रतिष्ठा गुणपत्रिकेत मोजता येते; याहून मोठी प्रतिष्ठा मध्यमवर्गाच्या संग्रही नाही.

क्लासच्या दारात हे पालक चटकन ओळखू येतात. बाकीचे 'आज काय शिकवलं?' म्हणून विचारतात, हे विचारतात, "सर, या नोव्हेंबरला बसवताय ना?" सर म्हणतात की अजून तीनताल हलतोय, वर्षभर थांबू. पालकांना तीनतालाचे काही नसते. वर्षभर थांबले तर मध्यमा पूर्ण दहावीत जाते, आणि तिथे प्रिलिम आहे. शेवटी सर हरतात. तबल्याच्या सरांनी पालकांपुढे टिकाव धरल्याचे उदाहरण विरळा.

चित्रकलेत अडचण वेगळी. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, एवढे सगळे दोन दिवसांत उतरवायचे. क्रॅश कोर्समध्ये स्मरणचित्राचे दोन-चार ठरलेले विषय पाठ करून घेतात: भाजीबाजार, बसस्टॉप, बागेत खेळणारी मुले. परिणामी एका क्लासच्या चाळीस मुलांच्या स्मरणात एकच भाजीवाली, त्याच हिरव्या लुगड्यात, त्याच कोपऱ्यात बसलेली सापडते.

खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार वाढतात आणि पंचविसापर्यंत जातात. म्हणून मोह फार. पण कबड्डी किंवा क्रिकेटमध्ये जिल्ह्यात पुढे जायचे तर खेळता यावे लागते. अनुभवी पालक म्हणून अशा खेळाच्या शोधात असतात, ज्यात जिल्ह्यातून तीनच संघ येतात आणि त्यांतल्या एकाला पत्ता सापडत नाही. डॉजबॉल, टेनिक्वाइट, रोप स्किपिंग, पुण्यातच जन्मलेला रोलबॉल, यांची नावे आजोबांना सांगता सांगता घरात पुरेवाट होते. या खेळांत जीव ओतणारी मुले महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या मागे पाहुण्यासारखे उभे राहणारे हे आपले चिरंजीव पहिल्याच फेरीत घरी येतात. लोककलेत मोजदाद प्रयोगांची: पंचविसांना पाच गुण, पन्नासांना दहा. पोवाडा कोणाचा, हे गौण. कितवा, हे महत्त्वाचे.

या सगळ्याचा तोल सांभाळणे म्हणजे प्रत्यक्षात स्कूटर चालवणे. शासन निर्णयांच्या पीडीएफ वडिलांकडे, वाहतूक आईकडे, अशी घरात विभागणी असते. शाळा सुटली की गणिताची शिकवणी, मग गाणे, मधल्या सिग्नलला पोळीचा रोल, सात वाजता मैदान. मूल मागच्या सीटवर गणवेशाचा शर्ट काढून जर्सी चढवते आणि तोंडाने भूपाचे आरोह-अवरोह म्हणते; कधी कधी त्यात बीजगणिताचे एखादे सूत्रही मिसळते. या मुलाला स्वतःची म्हणून एक आवड असतेच. बहुधा ती जुने रेडिओ उघडून ठेवण्याची, पक्षी ओळखण्याची किंवा मांजर पाळण्याची असते. तिला गुण नाहीत. त्यामुळे ती रविवारी दुपारी, सगळे झोपल्यावर, चोरून केली जाते आणि साहजिकच तीच नीट येते.

दहावीच्या डिसेंबरात फाईल बाहेर निघते. हे या वर्गाचे मुख्य लक्षण: पारदर्शक खिशांची जाड फाईल, मूळ प्रमाणपत्रे पुढे, झेरॉक्स मागे. नवखे पालक मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करून ठेवतात आणि पुढे मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली की कपाळाला हात लावतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि तिथे लेखनिक रजिस्टर उघडून सांगतात की शाळेत मुलगा 'प्रतीक' आहे, प्रमाणपत्रावर 'प्रतिक' आहे. ज्या घराने वेलांटीची पर्वा तीन पिढ्या केली नाही, ते घर त्या दिवशी पहिली-दुसरी वेलांटी शिकते. मुदत संपत आलेली असते. मग मुदतवाढ होते. मुदतवाढ होणार हे सर्वांना माहीत असते, तरी धावपळीत कोणी कसूर करत नाही.

एवढे करून निकाल लागतो, अर्जात दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरले जातात आणि पहिल्या फेरीत पहिले कॉलेज मिळते. पेढे वाटले जातात. विज्ञान शाखा असेल तर त्यानंतर मूल त्या कॉलेजात प्रामुख्याने प्रात्यक्षिकांना जाते. उरलेला दिवस कोचिंग क्लासमध्ये. ज्या वर्गात बसण्यासाठी पंधरा अधिक सात गुण जमवले, त्या वर्गातला बाक कसा आहे हे पालकांना तर नाहीच, पुष्कळदा विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते.

क्वचित एखाद्या घरात अपघात होतो. गुण जमा झाल्यावरही मूल तबल्याच्या क्लासला जातच राहते. सकाळी उठून रियाज करते, कोणी न सांगता. पालक सुरुवातीला कौतुकाने पाहतात, मग काळजीने. "अरे, मध्यमा पूर्ण झाली ना? आता कशाला?" याला मुलाकडे पटण्याजोगे उत्तर नसते. नातेवाइकांत हळू आवाजात चर्चा होते. तबल्याचे सर मात्र त्या दिवसापासून या मुलाची फी मागायला विसरतात.

बाकीच्या घरांत हार्मोनियम माळ्यावर जाते किंवा खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलाच्या आईला अर्ध्या किमतीत विकली जाते. जेईई, नीट आणि सीईटीच्या निकालात भूप, भाजीबाजार आणि डॉजबॉल यांना रकाना नाही, हे कळल्यावर अकरावीच्या दिवाळीच्या आत हे पालक टेस्ट सिरीजचे पालक या जातीत मोडू लागतात. त्या जातीचा आहार, निद्रा आणि बोलण्याचे विषय अगदी निराळे असल्यामुळे तिची नोंद स्वतंत्र करावी लागते.