भुताला लोकेशन हवंय

माझा भाचा पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेतो. परीक्षेसाठी दहा मिनिटांचा भयपट करायचा म्हणून मित्र, भाड्याचा कॅमेरा आणि न धुतलेल्या कपड्यांची बोचकी घेऊन तो वाईला आमच्याकडे उतरला. ‘मामा, पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाची तंतरली पाहिजे,’ हे त्याने चपला काढायच्या आधीच सांगितलं.

मागणी रास्त होती. कमाल अमरोहींनी 1949 च्या ‘महल’ची सुरुवात ओसाड हवेली, वादळी रात्र आणि म्हातारा माळी एवढ्याच भांडवलावर केली होती. आमच्याकडे जुना वाडा होताच. म्हातारा म्हणून पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’साठी (1972) मात्र आमच्या डोक्यावरचं महाबळेश्वर निवडलं. का, ते लवकरच कळलं.

ओटीवर भिंतीला कागद चिकटवून चित्रं काढणं सुरू झालं. शॉट एक: अंधार, रिकामा झोपाळा आपोआप हलतोय, कड्या कुरकुरताहेत. ही कुरकुरच सगळ्या प्रसंगाचा कणा, यावर रात्री उशिरा एकमत झालं. सकाळी उठून पाहतो तर आईने कड्यांना तेल घातलेलं. ‘पोरांची झोपमोड नको,’ म्हणाली.

शॉट दोनमध्ये पांढऱ्या साडीतली हडळ. तिथे शेजारच्या आजी आडव्या आल्या. ‘हडळ कशाला पांढरं नेसेल? बाळंतपणात गेलेली ती. हिरवं नेसते, केस मोकळे सोडते. पांढरं लावसटीला, ती विधवा. सवाष्ण गेली तर जखीण. तुमची कोण?’ पोरं एकमेकांकडे बघू लागली. पटकथेत नवऱ्याचा पत्ताच नव्हता. मग मुंजा घ्यायचं ठरलं. त्याला साडी लागत नाही. ‘सोडमुंज राहिली होती ना त्याची?’ आजींनी जाता जाता विचारून घेतलं.

आता पिंपळ आणि घाट पाहायला मेणवलीला गेलो. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णा, आणि घाटावर ती घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाची लूट. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 साल. काळा पडदा, एकच टोला, मग चित्र: भाच्याची ही कल्पना मला मनापासून आवडली. आवाज आधी आला आणि तो कशाचा हे कळलं नाही, की माणूस आपला आपणच घाबरायला लागतो. झोपाळेबिपाळे हलवावे लागत नाहीत.

पण या गावात घाबरायचं कुणी? ‘स्वदेस’मधलं (2004) चरणपूर म्हणजे हेच मेणवली. ‘गंगाजल’ने (2003) या परिसराचा बिहार केला, ‘दबंग’ने (2010) उत्तर प्रदेश. कृष्णेने गंगेचं काम इतक्यांदा केलंय, की इथल्या मुंजाने भोजपुरीत किंकाळी फोडली तरी कुणी मान वळवणार नाही.

घाटाखाली म्हशी धूत असलेले एक बाबा आमची खुसपुस ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

‘रातचा शीन हाय न्हवं? मग दिस बुडाल्या बुडाल्या उरका. तवा उजेड निळा पडतोय, आभाळबी दिसतंय. काळोखात तुमच्या त्या क्यामेऱ्यात निस्ता कोळसा येईल.’

भाच्याने वही काढली.

‘आन पायऱ्या भिजवून घ्या. कोरडा दगड मरगळल्यागत दिसतो, वला असला की उजेड धरतो.’

वर्षभर फी भरून जे वहीत आलं नव्हतं, ते म्हशीच्या पाठीवर पाणी मारता मारता आलं. भाच्याने हात जोडले. बाबांनी घासणी खाली ठेवली.

‘भुताचं काम कोन करतंय?’

‘काका, मुंजा दिसतच नाही. नुसती चाहूल आहे.’

‘जेवान धरून काय देताय?’

‘अहो, तो पडद्यावर येतच नाही!’

बाबांनी क्षणभर हिशेब केला. ‘मग निम्मं द्या.’