सोल्डर न लावता पिकअप बदला, पाच मिनिटांत

आधी भाषा सांभाळा. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर "पिकअप बदलायचाय" म्हणालात, तर कुणीतरी "किती पळालीय?" असं विचारील आणि एखादी बोलेरो दाखवायला नेईल. आपला पिकअप तो नव्हे. आपला बेंजोच्या तारांखाली बसतो: लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उमटते, अँप्लिफायर ती फुगवतो आणि चेलाडी फाट्यावर वरातीमागे गाड्यांची रांग लागते. इलेक्ट्रिक गिटारचंही हेच तंत्र.

(बेंजोचं मूळ १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी काढलेल्या तायशोगोतोत आहे. हे पार्टीतल्या पोरांना जरूर सांगा. ती ऐकणार नाहीत, पण तुम्ही जाणकार ठराल.)

ध्येय एकच: हळद आटोपून वरात निघेपर्यंत जुना पिकअप काढून नवा बसवायचा. सोल्डर गनला हात लावायचा नाही.

१. वायरींचा फोटो काढू नका. लक्षात राहतं. काळी म्हणजे अर्थ, हे तर पोरंही सांगतील. तुमच्या बेंजोत दोन्ही काळ्या निघाल्या? वाईट वाटलं. मागच्या कारागिराच्या हाताशी तीच वायर होती.

२. जुनी वायर अगदी मुळाशी कापा. चार बोटं शिल्लक ठेवली तर पुढच्या वेळी काम सोपं जाईल, आणि मग तुम्हाला कोण बोलावणार?

३. आता जोड. नवशिक्यांनी वायर दातांनी सोलावी, पिळावी, वर काळी टेप गुंडाळावी. जरा पुढे गेलेल्यांनी स्क्रूवाला कनेक्टर आणावा. तो घराच्या जाड वायरिंगसाठी असतो, त्यामुळे आपली बारीक वायर स्क्रूखालून निसटते किंवा तुटते. टोक दुमडून घातलं तर नीट बसते. पण दुमडायला एक मिनिट जातं, आणि आपल्याकडे पाचच आहेत.

श्रीमंतांसाठी पिनवाला कनेक्टर आहे. ईएमजी कंपनी पिकअपबरोबर तोच देते. त्याही आधी, १९६९ मध्ये, डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेगसाठी पारदर्शक गिटार केली होती. तिचा पिकअप सरकवून बाहेर काढायचा आणि दुसरा सरकवून आत घालायचा. कीथ रिचर्ड्सने ती वाजवली. त्याच्यापुढे नवरदेवाचा मामा घड्याळ बघत उभा नव्हता, हे ध्यानात घ्या. शिवाय तुमच्या जुन्या बेंजोला असा कनेक्टर लावायचा, तर त्याचं दुसरं टोक व्हॉल्यूमच्या बटणाला जोडावं लागतं. कशानं? सोल्डरनं. हे पान उलटा.

४. अँप्लिफायर लावताच 'घुंऽऽ' ऐकू येईल. तो ५० हर्ट्झचा, घराघरातल्या विजेचा सूर. अर्थ ढिला आहे. तारांवर हात टेकवून बघा, बहुधा कमी होईल. झालं तर पार्टीतल्या सर्वांत धाकट्याला रात्रभर हात टेकवून उभं करा. त्याला जेवण आधी वाढा.

५. दोन पिकअप असतील आणि एकाच्या वायरी उलट लागल्या, तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. उरतो तो पत्र्यावरच्या डासासारखा. ही नवीन स्टाइल आहे म्हणून सांगा.

६. भादव्यात वेल्ह्याच्या पावसात पिळलेल्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि खरखर सुरू होते. घाबरू नका. मिरवणुकीत लोकांना तो ताशा वाटतो.

७. वाद्यं बोलेरोत चढवून पाबे घाट उतरा. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पिकअपमधला पिकअप सुटेल.

आता पळा भोरला, मोबाइल रिपेअरिंगच्या कुठल्याही टपरीवर. पोरगा टेप सोलत "कुणी केलंय हे?" म्हणेल, गप्प बसा. गन तापेल, शिसं-कथलाचा थेंब १८३ अंशांच्या आसपास वितळेल, दोन टाके पडतील. तुमचा चहा संपलेला नसेल.

परतल्यावर छाती पुढे काढून सांगा, आम्ही सोल्डर लावला नाही. खोटं कुठंय? त्या पोरानं लावला.