तबकडीचं सपाटीकरण

नांदेडचा उन्हाळा माणसाला आडवा करतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो भीमसेन जोशींना वाकडं करतो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे त्यांच्या अभंगांच्या एलपीला. वडिलांनी जिवापाड जपलेल्या तबकड्या मी विष्णुपुरीच्या घरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टाकल्या होत्या, जुन्या दिवाळी अंकांच्या ढिगावर आडव्या. बाहेर पारा 43 वर गेला की पत्र्याखाली काय होतं, हे बघायला मी मे महिन्यात कधी वर चढलो नाही. एलपी पीव्हीसीची असते, आपल्या पाण्याच्या पाइपच्याच घराण्यातली. तापली की मऊ पडते आणि थंड होताना जसा आकार मिळेल तशी घट्ट होते. खाली आणली तेव्हा ती मध्ये खोल, कडांना उचललेली आणि एका अंगाला तव्यावरच्या भाकरीसारखी फुगलेली होती.

तरी लावली. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. दर 1.8 सेकंदांनी पिन चढ चढायची, धापकन उतरायची, आणि तिच्याबरोबर पंडितजींचा षड्ज हेलकावायचा. आमच्या विष्णुपुरीत गोदावरीचं पाणी पंपानं वर चढवतात, त्यामुळे चढाचं आम्हाला कौतुक नाही. पण षड्ज चढू नये. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय सुंदर आंदोलन घेतलंय हो!" मी गप्प बसलो.

वाकडी तबकडी दाबून सरळ करायची असेल तर मध्ये वजन ठेवतात, असं समजलं. इथं अभियांत्रिकी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर. पण फुकटचा सल्ला घ्यायला मला कमीपणा वाटतो, म्हणून मी पैसे देऊन लेथवाल्याकडे गेलो. मधल्या खुंटीसाठी भोक पाडलेला पितळेचा दीड किलोचा गोळा सांगितला. तो गोळा फिरवता फिरवता म्हणाला, "सर, हे काय करायलाव? कोणत्या देवळाचा कळस म्हणावं?" मी म्हणालो, "पंडितजींचा." त्यानं हात जोडले आणि मजुरी मात्र पूर्ण घेतली.

बाजारातली तयार वजनं बहुतेक अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतात. दीड किलो हा माझा स्वतःचा शोध. माझ्या टर्नटेबलची थाळी स्प्रिंगवर तरंगते आणि रबरी पट्ट्यानं फिरते. कळस चढवताच थाळी खचली, पट्टा घसरला, गती मंदावली आणि भीमसेनजी मंद्र सप्तकाच्याही खाली उतरले. तिथपर्यंत त्यांना कुणीच नेलं नव्हतं. शेजारच्या पोरानं कुंपणावरून विचारलं, "काका, बोअरची मोटर जळाली का?"

मग क्लॅम्प मागवला. त्याचं तत्त्व वेगळं आहे: तो भारानं नाही, पकडीनं दाबतो. मधल्या खुंटीला घट्ट धरतो आणि लेबलावर टेकतो. वजनाला हलका, त्यामुळे स्प्रिंगला त्रास नाही. खोक्यात त्याच्याबरोबर एक छोटी रबरी चकतीही निघाली. स्वयंपाकघरातला नळ नेमका त्याच आठवड्यात गळत होता. चकती तिथं इतकी चपखल बसली की उत्पादकानं नळाचाही विचार केलाय, याचं मला कौतुक वाटलं.

क्लॅम्प लावला. एका बाजूचे अभंग जवळजवळ सरळ झाले. तबकडी उलटवली, तर हेलकावे जसेच्या तसे. मी निष्कर्ष काढला की त्या बाजूचे रागच कठीण असणार. वरच्या खोलीत राहणारा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा भाडं द्यायला आला होता. त्यानं वाकून एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, वायसर कुठंय?"

मग त्यानं मला ते समजावलं, भाडेकरू घरमालकाला समजावतात तितक्या आदरानं. तबकडी एका बाजूनं खोलगट, म्हणजे दुसऱ्या बाजूनं फुगीर. फुगीर बाजू वर असली की मध्ये दाबलं तरी पुरतं. खोलगट बाजू वर असली की मध्य आधीच थाळीला टेकलेला असतो. त्याला दाबून उपयोग काय? म्हणून खुंटीत आधी वायसर घालायचा, त्यावर तबकडी, वर क्लॅम्प. मध्य जरासा उचललेला राहतो, क्लॅम्प लेबलाची कड खाली दाबतो आणि वर आलेल्या कडा थाळीवर टेकतात. "आणि ती भाकरी?" मी विचारलं. कडेवरचा फुगवटा क्लॅम्पनं फारसा जात नाही, म्हणाला; त्याला तबकडीच्या काठावर बसणारं जड कडं लागतं. महागड्या टर्नटेबलांत तर पंपानं हवा ओढून तबकडी थाळीला चिकटवतात.

वायसर काढायला नळ उघडणार, तेवढ्यात ही दारात उभी. "त्याला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाली. म्हणून आमच्याकडे सध्या त्या एलपीची एकच बाजू ऐकली जाते.

तुमच्याही गच्चीवर पत्र्याखाली तबकड्या असतील तर आजच खाली आणा आणि सावलीत उभ्या ठेवा. ढीग रचू नका. क्लॅम्प त्यानंतर घ्या. आणि तो घरी येण्याआधी प्लंबरला बोलावून घ्या.