‘घरात राहा, फिट राहा’वाल्या सल्लागारसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. सल्लागारसाहेब,
‘घरात राहा, फिट राहा’ खाते,
मुक्काम : बाल्कनी असलेला कुठलाही फ्लॅट.

विषय : महामारीत आम्हाला हलतं-चालतं ठेवल्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्याबाबत.

संदर्भ : मार्च २०२० पासून अखंड येत असलेले आपले फॉरवर्ड.

महोदय,

हे पत्र हिंगोली जिल्ह्यातून येत आहे. नकाशात शोधायचा त्रास वाचावा म्हणून सांगतो : १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात आणि त्यातली शंभरातली पंच्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. आमच्या भूगोलात बाल्कनीचं प्रमाण फार कमी आहे, हे आपल्या ध्यानात यावं एवढ्यासाठीच हा तपशील.

आभार मानायला उशीर झाला खरा. पण २०२५ च्या मे महिन्यात कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या आणि आपला तोच जुना काढा आमच्या मोबाइलवर पुन्हा उकळायला लागला. तेव्हा म्हटलं, आता हिशेब चुकता केलेला बरा.

आपल्या उपकारांची सुरुवात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात झाली. २४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला, दूरदर्शनवर ‘रामायण’ परत लागलं आणि त्याच सुमारास आपले व्हिडिओ येऊन धडकले. जिना दहा वेळा चढा-उतरा. पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन त्यांचे डंबेल करा. हॉलमध्ये सोफा सरकवून जागा करा. बसून बसून अंग आखडेल, तेव्हा दर तासाला उठा.

साहेब, मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं हळद काढायचा हंगाम. जूनमध्ये लावलेली हळद तेव्हा रानात तयार असते. आधी पाला कापायचा, मग जमीन उकरायची, मग बायांनी ओळीनं बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. ती कुकरमध्ये शिजवायची, चाळिशी गाठलेल्या उन्हात पसरून दहा-पंधरा दिवस वाळवायची, मधून मधून पालथी करायची आणि शेवटी ढोलात घालून पॉलिश करायची. शेतीच्या कामांना केंद्र सरकारनं मार्च संपायच्या आत सवलत दिली होती, कारण कंदाला लॉकडाऊन कळत नाही. तर आमच्या बाया दिवसभर उकिडव्या बसून, कंबर धरून घरी आल्या, डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला गेल्या आणि रात्री पोरानं त्यांना आपला व्हिडिओ दाखवला : ‘दर तासाला उठा.’ त्यांचे आशीर्वाद आपल्याला पोचले असतीलच. छापण्यासारखे नसल्यानं इथं देत नाही.

त्यानंतर आपण आम्हाला हळदीची ओळख करून दिलीत. हा उपकार तर सात जन्मांत फिटायचा नाही. आयुष मंत्रालयानं तेव्हा सांगितलं होतं, दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोन वेळा. आपण त्यात स्वतःच्या पदरचं घालून तो अर्धा चमचा कवच-कुंडलांच्या तोडीचा केलात. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वसमतच्या माणसाला ‘हळद खा, कोरोना जवळ येणार नाही’ असं सांगायला धाडस लागतं. हळदीच्या ढिगावर बसलेल्या आमच्या जिल्ह्यात कोरोना यायलाच नको होता. पण बहुधा त्याच्याकडं आपला फॉरवर्ड पोचला नसावा.

कारण तो आला, आणि सुरुवातीला जास्त करून कोणाकडं आला ते बघा. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. एप्रिल २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या जवानांना लागण झाल्याचं आढळलं आणि बघता बघता जिल्ह्याच्या रुग्णांत जवानांचीच संख्या मोठी झाली. भल्या पहाटे मैदानावर घाम गाळणारी ही माणसं. आपल्या यादीतला प्रत्येक व्यायाम ती झोपेतसुद्धा करतील. दाटीवाटीच्या शहरात ड्यूटी लागली म्हणून ती आजारी पडली. तरीही आपण ‘ज्याची इम्युनिटी चांगली त्याला काही होत नाही’ हे पालुपद सोडलं नाहीत. त्या एका वाक्यानं आपण आजारी माणसाला आरोपी केलंत. ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याच्याकडं गाव ‘यानंच काहीतरी खाण्यापिण्यात हयगय केली असणार’ अशा नजरेनं बघायला लागलं. पुढं १६ मे २०२१ ला आमच्याच जिल्ह्याचे, तेव्हा राज्यसभेवर असलेले खासदार राजीव सातव वयाच्या ४६ व्या वर्षी कोरोनानंतरच्या गुंतागुंतीनं पुण्याच्या रुग्णालयात वारले. त्या दिवशी तरी आपला काढा चुलीवरून उतरेल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची नवी कृती आली, आलं जास्त घातलेली.

आता आपल्या आवडत्या विषयाकडं येतो : पावलं. रोज दहा हजार. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, हे आपण कधी सांगितलं नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत पावलांचा आकडा ठरवून दिलेला नाही. मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि कामधंदा, घरकाम, येणं-जाणं हे सगळं त्यात धरावं, असं त्यात आहे. म्हणजे हळद वेचणारी बाई आठवड्याचा कोटा पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पुरा करते. ही माहिती फॉरवर्ड करायला आपल्याकडं बहुधा नेटपॅक उरला नसेल.

आणि पावलंच मोजायची होती, तर त्या वर्षी मोजण्यासारखी खूप होती. आमच्या भागातली माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात, ऊसतोडीला जातात. रेल्वे बंद, एसटी बंद झाल्यावर राज्यभर अशी हजारो माणसं लेकरं खांद्यावर घेऊन पायी निघाली. जालन्याहून भुसावळच्या दिशेनं रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे त्यांतले १६ जण मालगाडीखाली गेले. आमच्याच मराठवाड्यात. त्या सकाळी आपला संदेश होता : ‘आज किती पावलं झाली? कमेंटमध्ये सांगा.’ इथं मी टोमणा मारत नाही, साहेब. इथं टोमणा सुचत नाही.

जे गावात पोचले त्यांच्यासाठी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या आणि जिल्हा परिषदेची शाळा विलगीकरणाला दिलेली होती. ज्यांचं शेत होतं ते आखाड्यावर जाऊन राहिले. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. रानातल्या झोपडीला, गोठ्याला आम्ही आखाडा म्हणतो. एका अंगानं ते उत्तम विलगीकरण होतं : मोकळी हवा, माणूस लांब, हाताला काम. कुठल्याही व्हिडिओशिवाय गावानं शोधलेला तो उपाय आपल्या एकाही फॉरवर्डमध्ये कधी आला नाही. ज्यांना शेतच नव्हतं ते शाळेच्या वर्गात फळ्याकडं बघत चौदा दिवस बसले.

एवढ्यावरून आपल्याला वाटेल, की गावात सगळे हलते-फिरते होते आणि आपला सल्ला फुकट गेला. तसं झालं असतं तर या पत्राची गरजच नव्हती. आमच्याकडंही माणसं आखडली, आणि ती आपल्याला दिसलीच नाहीत. ती म्हातारी माणसं होती.

आमच्याकडं चालण्यासाठी कोणी चालत नाही. चालायला काहीतरी निमित्त लागतं. आठवडी बाजार, पारावरची बैठक, रेशनचं दुकान, लेकीचं गाव, देवळातली काकडआरती. आजी बाजाराला म्हणून निघते, वाटेत चार घरी टेकते, भाजी घेते, भाव पाडते, येताना पुन्हा टेकते. तिचा व्यायाम, तिचा समुपदेशक, तिची बातमी, सगळं त्या एका फेरीत. बाजार बंद झाला, पार ओस पडला. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ राज्यातल्या सगळ्या देवळांसारखं मार्च २०२० मध्ये बंद झालं ते १६ नोव्हेंबरच्या पाडव्याला उघडलं. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालं ते ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडलं. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव याच जिल्ह्यातलं. इथं पंढरीची वाट पायी चालण्यात जन्म गेलेली माणसं आहेत. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारकरी ओसरीवरच्या बाजेवर बसून राहिला. वर्षभरानं त्याला उठवायला दोन माणसं लागायला लागली. ‘हॉलमध्ये जागच्या जागी चाला’ हे आपण त्यालाही सांगितलंत. त्यानं विचारलं असतं, ‘चालून कुठं जायचं, बाबा?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

आमच्या प्रशासनाचाही आपल्याला हातभार लागला, हे मान्य करतो. दुसरी लाट सुरू होताना १ ते ७ मार्च २०२१ या आठवड्यात जिल्ह्यात संचारबंदी लागली. रोग रोखायला कडक पावलं उचलावी लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बंद करण्याची यादी जेवढी तपशीलवार असते, तेवढी चालू ठेवण्याची असत नाही. मोकळ्या मैदानावर अंतर सोडून आठवडी बाजार कसा भरवता येईल, म्हाताऱ्यांनी सकाळी कोणत्या वेळेला रानात चक्कर मारावी, भजनाला कोणत्या अंगणात किती जणांनी बसावं, हे कोणी ठरवून दिलं असतं तर फार उपयोग झाला असता. आपली लाखो लोकांपर्यंत पोच होती. आपण ती कोमट पाण्याच्या प्रचारात खर्च केलीत.

आणि त्या काळात खरोखर दहा हजार पावलं कोण चाललं, तेही सांगून ठेवतो. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आशाताई ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार हिंडल्या. उन्हात, चिखलात, तुटपुंज्या मोबदल्यावर, कधी मास्क पुरेसे नसताना. म्हातारीच्या बोटाला यंत्र लावता लावता तिच्याशी दोन शब्द बोलणारी तीच एक होती. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, तेव्हा कुठं हजार-पाचशेची वाढ पदरात पडली. त्या आठवड्यात आपण काय पाठवत होतात ते मुद्दाम आठवून बघितलं : योगदिनाच्या शुभेच्छा.

आपला सल्ला सरसकट खोटा होता असं माझं म्हणणं नाही. हिंगोली शहरात गाळा बंद करून घरात बसलेल्या दुकानदाराला, मोबाइलवर शाळा शिकणाऱ्या पोराला, वर्क फ्रॉम होम करत गावी परतलेल्या इंजिनिअरला तो उपयोगी पडला असेल. सूर्यनमस्कार वाईट नाहीत, हळदीचं दूधही वाईट नाही. हळद पिकवणाऱ्यांच्या पोटावर पाय द्यायचा माझा इरादा नाही. गुन्हा एवढाच, की सल्ला एका घराचा होता आणि आपण तो सगळ्या महाराष्ट्राच्या दारावर चिकटवलात. ज्याला तो जमला नाही, त्याला आळशी ठरवलंत. जो आजारी पडला, त्याला दोषी ठरवलंत.

तेव्हा शिक्षा सुनावतो. येत्या हंगामात मार्च महिन्यात आपण वसमत तालुक्यात यावं. मुक्कामाची सोय आखाड्यावर होईल. सकाळी उजाडायच्या आत हळद वेचायला बसावं, दुपारी शिजलेली हळद उन्हात पसरावी, संध्याकाळी हंडाभर पाणी आणावं. मग आपल्याला आम्ही एक व्हिडिओ दाखवू, आपलाच.

आणि पुढची साथ आली, तर मोबाइल हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. समोरचा माणूस कुठल्या तालुक्यातला, त्याच्या हाताला काम आहे का, आणि त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जायला कुठली जागा उरली आहे. ती जागा उघडी ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीला दोन ओळी लिहा. गावातल्या आशाताईला तिचा मोबदला वेळेवर मिळतो का, याची चौकशी करा. एवढं केलंत तर पावलं मोजायची गरज पडणार नाही. माणसं आपोआप चालतील.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातला एक फॉरवर्डग्रस्त