पहारा घ्या, हप्त्यावर

हल्ली प्रोसेसर विकताना वेगापेक्षा पहाऱ्याचाच गजर जास्त. चिपमध्येच सुरक्षा, म्हणे! निपाणीकरांना पहाऱ्याचं कौतुक सांगू नये. 2021 साली, कोरोनात, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटकचे पोलीस आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते. बंदोबस्त चोख, पण ज्याच्याकडे रिपोर्ट नसे, त्याला पाणंद ठाऊक असे.

जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींनी प्रोसेसरमधली पाणंद उघडी पाडली. इंटेल आणि एएमडी यांच्या चढाओढीत प्रोसेसरला एक खोड लागली होती: पुढचं काम अंदाजानं आधीच उरकायचं, परवानगी मागाहून बघायची. नसली तर केलेलं पुसायचं. पण कॅश नावाच्या हाताशी ठेवलेल्या स्मृतीत खुणा राहत. कुठली माहिती किती झटपट हाती येते ते मोजून चोर गुपित ओळखे. मेल्टडाउननं मुख्यतः इंटेलला धरलं, तेव्हा एएमडीनं कॉलर ताठ केली. स्पेक्टरनं दोघांनाही सोडलं नाही. मग ठिगळं आली आणि काही कामांत संगणक मंदावले. आधी तपासणी लांबवून वेग विकला, मग वेग कापून तपासणी बसवली, आणि पुढच्या पिढीत दोन्हींचे पैसे पुन्हा घेतले. धंदा शिकावा तो इथं!

नाक्यावरच्या त्याच 2021 मध्ये विंडोज 11 आलं. अट काय, तर टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा पहारेकरी हवा आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. जानेवारी 2017 मध्ये आलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह पाच वर्षांच्या आतच म्हातारा ठरला. सातव्या पिढीतल्या मोजक्यांना सूट मिळाली. त्यांत मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ 2 मधला प्रोसेसर होता. साहेबाची गाडी कुठं अडते?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची ठिगळं, संपला. आमच्याकडचा एक झेरॉक्सवाला त्याच सातव्या पिढीवर मराठी लग्नपत्रिका छापतो आणि कन्नडमधले ऑनलाइन फॉर्म भरतो. "कधी हँग झाला नाही वो, आन् आता म्हणत्यात धोका हाय!" शेवटी त्यानं फॉर्मसाठी नवा संगणक हप्त्यावर घेतला आणि जुन्याची नेटची वायर उपटून तो पत्रिकांना ठेवला. वायर उपटण्याइतकी खात्रीची सुरक्षा अजून कुठल्याच चिपमध्ये आलेली नाही. पण ती फुकट पडते, म्हणून तिची जाहिरात येत नाही.