खोपोली लोकलला ‘विंटेज’ म्हणा

कर्जत स्थानकाच्या पुण्याकडच्या टोकाला रविवारी सकाळी एक घोळका उभा असतो. गळ्यात कॅमेरे, पाठीला सॅक. इंडिकेटरकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, कारण यातल्या कोणालाच कुठे जायचं नसतं. गाडी वेळेवर आली की यांचे चेहरे पडतात, ऊन अजून नीट पडलेलं नसतं ना! चाळीस मिनिटं लेट असल्याची घोषणा झाली की मात्र एकमेकांना टाळ्या देतात. रेल्वेच्या कारभारावर मनापासून खूश असलेली ही एवढीच माणसं महाराष्ट्रात उरली आहेत. त्यांना जपलं पाहिजे.

डब्यात माणसं कशी कोंबली आहेत, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. इंजिन कुठल्या शेडचं, एवढंच बोला. कल्याणचं की अजनीचं? आणि नेहमीचं सोडून भलत्याच शेडचं लागलं असेल तर ते ‘ऑफलिंक’. मग ज्याला ते टिपता आलं त्याच्याकडून वडापाव वसूल होतो. तेवढ्यात शेजारी एक पासधारक काका उभे असतात, वीसेक वर्षं याच खांबापाशी. ‘काका, जरा मागे होता का? फ्रेममध्ये येताय.’ काका मागे होतात. मागे होण्याची त्यांना सवय आहे.

कर्जत ही या मंडळींची काशी व्हायला कारण बोरघाट. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या शेपटाला कर्जतला जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. बँकरने घाटभर ढकलायचं, लोणावळ्याला गुपचूप सुटायचं आणि पुण्यात हार पुढच्याच्या गळ्यात. ही पद्धत नंतर इथल्या राजकारणाने उचलली, की राजकारणाची रेल्वेने, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बँकर लागेपर्यंत प्रवासी बटाटेवडे खातात. २०२३ मध्ये सोलापूरची वंदे भारत आली, ती बँकर न घेताच घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही. इतकी स्वावलंबी गाडी वडेवाल्याच्या काय कामाची?

पण घोळक्यातल्या ज्येष्ठांचा जीव अडकलाय तो जुन्या इंजिनांत. घाटात वीज आली १९२९-३० च्या सुमारास, तेव्हा मालगाड्या ओढायला एक लांबलचक, नाकाड इंजिन आलं. चालवणाऱ्यांनी त्याला खेकडा म्हटलं. त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, नाव ‘सर लेस्ली विल्सन’. हे साहेब मुंबईचे गव्हर्नर होते, हे आज कोणाला आठवतं? खेकडा मात्र सगळ्यांना आठवतो. पुढे चित्तरंजनच्या कारखान्यातून डब्ल्यूसीजी-२ आली आणि वर्षानुवर्षं बँकर म्हणून घाटात राबली. राबत होती तोवर ती सगळ्यांच्या लेखी डबडं होती. डीसी वीज जाऊन एसी आली, इंजिनं भंगारात निघाली, आणि आता तिचा हॉर्न मोबाइलवर ऐकून मोठमोठे बाप्ये डोळे पुसतात. नेरळला १९०७ च्या माथेरान गाडीचं वाफेचं इंजिन चौथऱ्यावर असंच दिमाखात उभं आहे. ते कुठेही जात नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

यावरून आम्हाला खोपोली लोकलसाठी एक युक्ती सुचली. ही लोकल कर्जतच्या पुढे खोपोलीला येऊन संपते. पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी करत येणारी ही गाडी एकदा चुकली की पुढची येईपर्यंत माणूस सहनशील होतो. नवीन फेऱ्या मागून झाल्या, निवेदनं देऊन झाली. आता हेरिटेज मागावं. अधिकार पक्का आहे: खोपोलीला रेल्वे आली १८५६ मध्ये, घाटातली गाडी सुरू झाली १८६३ मध्ये. मधली सात वर्षं साहेबलोकसुद्धा खोपोलीत उतरून पालखी नाहीतर घोडा करून खंडाळा गाठत. घाट झाला आणि खोपोली फाट्यावर मारली गेली, शब्दशः, पळसधरीला. १९३० सालच्या दख्खनच्या राणीचा दर १ जूनला केक कापतात. इथे तिच्याहून चौऱ्याहत्तर वर्षांनी थोरली बाई फलाटावर ताटकळली आहे, तिला कोणी पेढासुद्धा विचारत नाही.

घोळक्यातल्या एका अभ्यासू तरुणापुढे आम्ही हा प्रस्ताव ठेवला. त्याने कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं, ‘इंजिन कुठलं लागतं?’

‘इंजिन कसलं? लोकल आहे ती.’

‘मग अवघड आहे, काका.’ आमचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. ‘पण असं करा ना, बंद होणार असेल तेव्हा कळवा. लास्ट रनला आम्ही सगळे येतो.’